अंतराळातला वाफसा

अंतराळात बी पेरायचं तर ते आधी चिकटवावं लागतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०१४ पासून ‘व्हेजी’ नावाचा एक छोटा वाफा आहे. त्यात माती नसते. भाजलेल्या चिकणमातीचे बारीक खडे भरलेल्या पिशव्या असतात, त्यांना तिथे ‘उशा’ म्हणतात. उशीच्या तोंडाशी वात असते आणि त्या वातीत बी उड्डाणाच्या आधीच, इथे पृथ्वीवर बसून, डिंकाने डकवलेलं असतं. डिंक कशाचा, तर गवारीचा. गवारीचं जगातलं सगळ्यात मोठं पीक भारतात येतं, त्यातही राजस्थानात. तेव्हा नासाच्या लेट्यूसला थोडा तरी आपल्याकडच्या भाजीचा आधार आहे, असं म्हणायला हरकत नाही.

मला गंमत वाटली ती पुढच्या भागाची. बी डकवताना त्याची बाजू बघून डकवतात. मूळ निघेल ते टोक आतल्या बाजूला, कोंब निघेल ते बाहेर. तिकडे गेल्यावर बियाला खाली कुठे हे कळणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवायचं.

आमच्याकडे रावेर-यावल पट्ट्यात मे महिना उतरला की ठिबकवर कापसाची टोबणी सुरू होते. नळी अंथरलेली, भिजलेल्या जागेचा काळा गोल दिसतो, त्या गोलात बोटाने खड्डा करायचा, सरकी टाकायची, माती ओढायची, पुढे सरकायचं. सरकी आडवी पडली, उभी पडली की उलटी, कोणी बघत नाही. बघत बसलं तर एकरभर टोबायला पोळा उजाडेल. लहानपणी मी आबांना विचारलं होतं, उलटं पडलं तर? ते खाली वाकलेलेच होते, मान वर न करता म्हणाले, “बियाले कोन सांगतं रे, खाले कोन्तं अन् वर कोन्तं? त्याचं त्याले समजतं.”

समजतं हे खरंच. कसं समजतं, यावर मात्र माणसं दोनशे वर्षांहून जास्त काळ डोकं घासताहेत. १८०६ साली थॉमस नाइट नावाच्या इंग्रज बागाईतदाराने बागेतल्या ओढ्याच्या पाण्यावर एक चाक फिरवलं आणि त्यावर घेवड्याच्या बिया बांधल्या. उभं चाक गरगर फिरत राहिलं की बियांना ‘खाली’ अशी एक दिशा उरत नाही, उरतो तो फक्त बाहेर फेकणारा जोर. मुळं चाकाच्या बाहेरच्या बाजूला गेली आणि कोंब आसाकडे. म्हणजे मूळ मातीच्या, अंधाराच्या किंवा ओलीच्या लोभाने नव्हे, तर वजनाच्या दिशेने जातं, हे नाइटने दाखवून दिलं. पुढे डार्विनने आपल्या मुलासोबत मुळांची टोकं छाटून पाहिली. टोक गेलं की मूळ वाढतं, पण वळायचं विसरतं.

टोकाला एक टोपी असते आणि त्या टोपीतल्या काही पेशींमध्ये पिठूळ दाणे असतात. ते पेशीतल्या रसापेक्षा जड, त्यामुळे तांब्यातल्या गाळासारखे तळाशी बसतात. मूळ आडवं केलं की काही मिनिटांत हे दाणे घरंगळून नव्या तळाशी येतात. पेशीला तेवढी खूण पुरते. ऑक्सिन नावाचं वाढीचं संप्रेरक ती त्या बाजूला जास्त सोडते. मुळामध्ये ऑक्सिन जास्त झालं की वाढ मंदावते, म्हणून खालची बाजू मागे पडते, वरची पुढे जाते आणि मूळ खाली वळतं. कोंबात नेमकं उलट. तिथे जास्त ऑक्सिन म्हणजे जास्त वाढ, म्हणून खालची बाजू लांबते आणि कोंब वर उठतो. एकच रसायन, एकच निरोप, दोन टोकांनी त्याचे दोन अर्थ लावलेले.

खानदेशात राहणाऱ्याला हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. अवकाळी पावसात दादर ज्वारी लोळली की दोन-चार दिवसांनी शेतात जाऊन बघावं. ताट जमिनीवर आडवंच असतं, पण पेरापेरातून वळत वळत शेंडा पुन्हा आभाळाकडे तोंड करतो. वळलेल्या पेरावर अंगठा फिरवला तर खालची बाजू जाड, फुगलेली लागते आणि वरच्या बाजूला किंचित खळगा. ताट उठून उभं राहत नाही, ते खालून लांबतं. केळीचंही तसंच. घड निसवतो तेव्हा सगळा भार खाली लोंबत असतो, केळफुलाचं जांभळं पान उचललं की त्याखालच्या फणीतली बोटं आधी खालीच बघतात. मग दिवसागणिक ती वर वळतात. केळं वाकडं का, याचं उत्तर एवढंच आहे की घड खाली चालला होता आणि फळाला वर जायचं होतं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यात या वाकडेपणाचं कौतुक कुठे नाही, पण मला ते करावंसं वाटतं.

आता हे वजनच काढून घेतलं तर?

काढून घेतलं म्हणजे काय, हेही एकदा बोलून टाकू, कारण शिकलेली माणसंही इथे गडबडतात. अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. तिथे गुरुत्वाकर्षण नाहीसं होत नाही, ते जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असतं. पण स्थानक, त्यातली माणसं, पाणी आणि पेशीतले पिठूळ दाणे हे सगळं एकत्रच पृथ्वीभोवती पडत असतं. सगळेच पडत असतील तर तळ कोणाला आणि कोण तळाशी बसणार? दाणे पेशीत कुठेही तरंगत राहतात. निरोप येत नाही.

माझी कल्पना अशी होती की निरोप आला नाही तर रोप बावचळेल. मुळांचा गुंता होईल, कोंब वाटेल तिकडे. अंधारात थोडंफार तसं होतंही. पण उजेड दिला की रोपं बरीच शहाणी निघतात. १९८२ मध्ये सोव्हिएत रशियाच्या सॅल्युत-७ वर अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या बारक्या रोपाने बी ते बी असा पूर्ण फेरा केला. कोंब दिव्याकडे जातो, मूळ दिव्यापासून लांब पळतं. ही खोड त्यांच्यात इथेही असते, पण वजनाच्या हुकमापुढे ती दबलेली राहते. काही रोपट्यांचे कोंब तर तिथे लाल उजेडाकडेही वळले. सपुष्प वनस्पती निळ्या उजेडाकडे वळतात, लाल उजेडाकडे वळणं हे शेवाळ-नेच्यांचं काम, असं तोवर मानत.

फ्लोरिडा विद्यापीठातल्या अ‍ॅना-लिसा पॉल आणि रॉबर्ट फर्ल यांचं २०१२ मधलं काम तर वाचावंच असं आहे. काचेसारख्या घट्ट जेलीच्या पृष्ठभागावर मूळ वाढवलं की ते सरळ न जाता तिरकं सरकत, नागमोडी जातं. पृथ्वीवर याचं कारण सोपं वाटायचं: वजन टोकाला जेलीत दाबतं, टोक अडतं, वळसा घेतं. स्थानकावर वजनच नाही, तर नागमोडही नसायला हवी. पण मुळं तिथेही तशीच तिरकी आणि नागमोडी गेली. त्याच्याही आधी, १९८३ मध्ये, कोलंबिया यानातून सूर्यफुलाचे कोंब पाठवले होते. कोंबाचा शेंडा वाढताना हलके हलके गोल फिरतो, ते गुरुत्वामुळे की स्वतःच्या लयीने, हा जुना वाद होता. सूर्यफूल वरही फिरत राहिलं.

नवरात्रात घरोघर घट बसतात, त्यात आपण नेमका याच्या उलटा प्रयोग करतो. पत्रावळीवर काळी माती, त्यात गहू-ज्वारी पेरायची आणि देवघराच्या कोपऱ्यात, जिथे जेमतेम समईचा उजेड, तिथे ठेवायचं. धान पिवळंधमक उगवतं, लांबुडकं, नाजूक, पण सरळ वर. तिथे प्रकाशाने फारसं काही सांगितलेलं नसतं, सगळी वाट वजनाने दाखवलेली असते. स्थानकावर वजन गप्प आणि उजेड बोलतो. आमच्या देवघरात उजेड गप्प आणि वजन बोलतं. रोप जो बोलेल त्याचं ऐकतं.

काकडीची गोष्ट मात्र याहून वेगळी आहे, आणि मला सगळ्यात जास्त तीच चघळावीशी वाटते.

काकडी, गिलकं, भोपळा यांपैकी कशाचंही बी टोचा आणि उगवायच्या बेतात असताना हळूच उकरून बघा. मूळ खाली गेलेलं असतं, मान वाकवून कोंब वर यायच्या तयारीत असतो आणि मूळ जिथे संपून कोंब सुरू होतो तिथे, आतल्या बाजूला, मोहरीच्या दाण्याएवढी एक टाच आलेली दिसते. ही टाच बियाच्या खालच्या टरफलाच्या कडेवर घट्ट रोवलेली असते. कोंब वर ओढ घेतो, टाच टरफल दाबून धरते आणि दोन्ही डाळिंब्या त्यातून अलगद सुटून बाहेर येतात. बी अगदी वरवर पडलेलं असेल किंवा माती फार भुसभुशीत असेल तर हा डाव फसतो आणि रोप डोक्यावर टरफलाची टोपी घालून उगवतं. मग ती टोपी आपण ओली करून नखाने काढतो, आणि घाई केली तर पानही त्याबरोबर येतं.

बी आडवं पडतं, तेव्हा टाच नेहमी खालच्याच अंगाला येते. वरच्या अंगाला कधी नाही. साहजिक वाटतं की वजनाने ‘इथे टाच काढ’ असं सांगितलं असणार. १९९८ मध्ये डिस्कव्हरी यानातून जपानी शास्त्रज्ञ हिदेयुकी ताकाहाशी यांनी काकडीच्या बिया पाठवल्या. सत्त्याहत्तर वर्षांचे जॉन ग्लेन ज्या यानातून दुसऱ्यांदा अंतराळात गेले तेच हे उड्डाण, त्यामुळे वर्तमानपत्रांत काकडीला जागा मिळाली नसावी. पण काकडीने जे केलं ते बघण्यासारखं होतं. वजन नसताना तिने दोन्ही अंगांना टाच काढली. एक इकडे, एक तिकडे.

म्हणजे टाच काढणं हे रोपाचं स्वतःचंच. दोन्हीकडे काढायची त्याची तयारी असते. वजन येऊन वरच्या बाजूला फक्त ‘तू राहू दे’ म्हणतं. हे वाचल्यावर मी बराच वेळ मागे-पुढे विचार करत राहिलो, कारण आपण पृथ्वीच्या ओढीला नेहमी करवून घेणारी समजतो. इथे ती थांबवणारी निघाली.

इथपर्यंत सगळं रोपांच्या बाजूने चाललं आहे. तरीही अंतराळातल्या शेतीचा इतिहास बघितला तर मेलेल्या, सडलेल्या, पोचट राहिलेल्या पिकांची रांग लागते. आणि या मरण्यामागे दिशा हरवणं क्वचितच असतं. बहुतेक वेळा कारण वाफशाचं असतं.

काळ्या जमिनीत शेती करणाऱ्याला वाफसा समजावून सांगायला नको. पाऊस पडून गेला, पाणी खाली उतरलं, मातीच्या कणांभोवती ओल राहिली आणि मधल्या फटींत हवा शिरली, की पेरता येतं. त्याच्या आधी पाय घातला तर चिखल आणि मुळं गुदमरतात. पण पाणी ‘खाली उतरतं’ ते वजनामुळे. वर स्थानकात पाणी उतरतच नाही. ते जिथे लागेल तिथे चिकटतं, मुळाभोवती जाड थर करून बसतं, खड्यांच्या फटी भरून टाकतं. मुळाला पाणी मिळतं, श्वास मिळत नाही. पानांशीही तीच तऱ्हा. इथे गरम हवा वर जाते, थंड हवा तिची जागा घेते, पानाजवळची हवा आपोआप बदलत राहते. तिथे गरम हवेला वर जायला ‘वर’च नाही. पानाने सोडलेली वाफ पानाभोवतीच घोटाळते. म्हणून पंखा लागतो, सतत.

झिनिया या फुलझाडाची गोष्ट अशीच. २०१५ च्या डिसेंबरात व्हेजीतल्या झिनियाची पानं मुडपली, कडांना पाण्याचे थेंब येऊ लागले. पहाटे ज्वारीच्या पात्याच्या टोकाला मोत्यासारखे दिसतात तेच थेंब. इथे ते शोभून दिसतात, तिथे ती धोक्याची घंटा होती. मग बुरशी आली. पंख्याचा वेग वाढवला तर रोपं फार वाळायला लागली. पाणी कधी द्यायचं हे सगळं जमिनीवरून, वेळापत्रकाने ठरत होतं. शेवटी स्कॉट केली या अंतराळवीराने साधी मागणी केली: झाड माझ्यासमोर आहे, त्याला बघून पाणी मी ठरवतो. नासाने त्याला झिनियाची निगा कशी राखावी याचं एका पानाचं टिपण पाठवलं आणि कारभार त्याच्या हाती सोपवला. २०१६ च्या जानेवारीत केशरी फूल उमललं.

मला यात फार आनंद झाला, आणि तो निर्मळ नव्हता हेही सांगतो. आमच्याकडे ठिबकवर आता मोबाईलने व्हॉल्व्ह उघडतात, खतं सुटतात, आणि पाळी ठरवणारा माणूस कधीकधी शेताचं तोंडही बघत नाही. शेताला फेरी मारून, मुठीत माती दाबून बघून, मग पाणी सोडायचं की नाही ठरवणारी पिढी आता ओसरीवर बसून आहे. अब्जावधी डॉलर खर्चून शेवटी तिच्याच मार्गाला यावं लागलं.

गव्हाची गोष्ट तर खानदेशाच्या अगदी जवळची आहे. १९९६-९७ मध्ये रशियाच्या मीर स्थानकावर ठेंगू जातीचा गहू वाढवला. पीक जोरदार आलं, ओंब्या सुटल्या, सगळे खूश. परत आणून ओंब्या चोळल्या तर एकही दाणा नाही. पहिला संशय अर्थातच वजनहीनतेवर. दोषी मात्र निघाला इथिलीन वायू. केबिनच्या बंद हवेत तो साचला होता आणि त्याने परागकण निकामी केले होते. हाच इथिलीन आमच्याकडे केळी पिकवायच्या शीतखोल्यांमध्ये मुद्दाम सोडतात. रावेर-फैजपूर पट्ट्यातल्या कुठल्याही व्यापाऱ्याला विचारा, बंद खोलीत हा वायू किती इमानाने काम करतो ते तो सांगेल. मीरवर तो पिकवायला नव्हे, पोचट करायला लागला. पुढे इथिलीन सोसणारी दुसरी जात पेरली, तेव्हा दाणे भरले. वजनहीनतेवरचा आळ उतरला.

आपल्या देशाची पेरणी अलीकडची. इस्रोने ३० डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्ही-सी६० सोडलं, आणि उपग्रह सोडून झाल्यावर त्याचा चौथा टप्पा टाकून न देता त्यावर प्रयोग ठेवले. त्यातल्या एका बंद पेटीत चवळीच्या आठ बिया होत्या. चार दिवसांत अंकुर फुटले, मग दोन पानंही आली. पुढच्या जून-जुलैत शुभांशू शुक्ला स्थानकावर गेले तेव्हा धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि तिथल्या आयआयटीचा प्रयोग त्यांच्याकडे होता: मूग आणि मेथी, काचेच्या बशीत मोड आणून मग शीतपेटीत जपून ठेवायचे. ही बातमी घरात वाचून दाखवली तेव्हा काकूंचा पहिला प्रश्न, “मोड यायला फडक्यात बांधले का?” दुसरा, “मग खाल्ले का नाही?” दोन्ही प्रश्न मला शास्त्रशुद्ध वाटतात. फडकं म्हणजे ओल धरून हवा खेळती ठेवणं, दुसरं काही नाही. आणि शेवटी खायचंच नसेल तर दूरच्या प्रवासात भाजी लावायची कशाला? २०१५ च्या ऑगस्टमध्ये स्थानकावरच्या अंतराळवीरांनी व्हेजीत पिकवलेलं लाल लेट्यूस पहिल्यांदा अधिकृतपणे खाल्लं, तेव्हा त्यांनी थोडं तेल आणि व्हिनेगर लावलं होतं. काकूंनी नुसतं “बरं” म्हटलं.

कापूसही जाऊन आला. चीनचं चांग-ए-४ हे यान २०१९ च्या जानेवारीत चंद्राच्या पाठीमागच्या बाजूला उतरलं. त्यातल्या एका बंद डब्यात सरकी रुजली आणि चंद्रावर उगवलेलं पहिलं रोप कापसाचं ठरलं. तिथलं वजन पृथ्वीच्या एकषष्ठांश, कोंबाला तेवढं पुरलं. चंद्रावरची रात्र आपल्या दोन आठवड्यांची. ती आली, डबा गोठला आणि रोप गेलं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सायमन गिलरॉय यांच्या चमूने कापूस स्थानकावर पाठवला, तो मुळांसाठी. मूळ किती खोल जाईल, किती फाट्यांनी पसरेल, यात वजनाचा वाटा किती आणि वाणाचा स्वतःचा किती, हे वजन वगळून बघायचं होतं. कोरडवाहू कापसाचा सगळा जुगार त्या मुळांवरच असतो. पावसाने तीन आठवडे ओढ दिली की चोपडा-अमळनेरकडच्या हलक्या रानात कोणाचं रान तगतं आणि कोणाचं माना टाकतं, ते जमिनीखालच्या त्या दोन-तीन फुटांत ठरतं.

मला विचारलं तर मी पुढच्या खेपेला भुईमूग पाठवीन. त्याच्याइतकं वजनावर विसंबलेलं पीक आमच्या शिवारात दुसरं नाही. फूल वर, पानांच्या बगलेत येतं. ते गळून गेलं की तिथून आरी सुटते आणि पीळदार, जांभळट टोकाने सरळ जमिनीकडे निघते. मूळ नसून मुळासारखी खाली वळते. टोकाशी बी घेऊन मातीत शिरते, अंधार आणि मातीचा स्पर्श मिळाला की मगच फुगते आणि शेंग धरते. खाली जाणं, अंधार, स्पर्श, तिन्ही एकामागून एक. माती चढवायला उशीर झाला की वरच्या आऱ्या पोचत नाहीत आणि हवेतच सुकतात, हे भुईमूग लावणारा प्रत्येक जण जाणतो.

तर पेटीत मधोमध रोप ठेवायचं, एका बाजूला दिवा, बाकी सगळ्या बाजूंना ओलसर खड्यांच्या उशा, आणि बघत बसायचं की आरी उजेडाकडे पाठ करून निघते, ओलीच्या वासाने निघते, की नुसतीच लांबत राहते. आबांना हा बेत सांगितला. त्यांनी तो सगळा नीट ऐकून घेतला, पेटी केवढी ते विचारलं, वाफसा कसा ठेवणार ते विचारलं, आणि मग म्हणाले, “अन् निंदाले कोन जाईन?”